शिरोडकरचं पुढं काय झालं?

गेल्या उन्हाळ्यात कळमनुरीच्या आमच्या किशोरी गटात आम्ही मिलिंद बोकील यांची 'शाळा' वाचली. रोज संध्याकाळी तासभर एकीने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. मुली आठवी ते दहावीच्या. काही हळदीच्या कामावरून थेट आलेल्या, काहींच्या कडेवर धाकटं भावंडं. शेवटचं पान संपलं तेव्हा नववीतल्या एकीने विचारलं, "ताई, शिरोडकरचं पुढं काय झालं हो?" मी म्हटलं, ते पुस्तकात नाही. त्यावर मागून दुसरी म्हणाली, "व्हनार काय? लगीन लावून देलं असंल." सगळ्या हसल्या. मला मात्र हसता आलं नाही.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 'शाळा' २००४ साली मौजेने प्रसिद्ध केली. २०१२ साली तिच्यावर चित्रपटही आला. काळ आणीबाणीचा. नववीतला मुकुंद जोशी वर्गातल्या शिरोडकर नावाच्या मुलीवर प्रेम करतो. त्याला समजून घेणारे वडील आहेत, मोकळेपणाने बोलणारा नरूमामा आहे, जिवाभावाचे मित्र आहेत. शेवटी शिरोडकर गाव सोडून जाते आणि मुकुंद दहावीकडे वळतो. एका मुलाचं कोवळं मन इतक्या प्रामाणिकपणे मराठीत क्वचितच आलं असेल. त्यामुळे माझं भांडण या पुस्तकाशी नाही.

माझं भांडण आहे ते "ही आपल्या सगळ्यांची शाळा" असं म्हणणाऱ्यांशी. ती सगळ्यांची नाही, ती मुलांच्या बाकांची शाळा आहे. मुलींच्या बाकावर बसलेल्या शिरोडकरच्या मनातलं आपल्याला कळतं ते मुकुंदला कळेल तेवढंच. प्रेमातून शहाणं होणं, घराशी भांडून स्वतःला ओळखणं हा मुकुंदचा प्रवास आहे. शिरोडकर त्या प्रवासातलं एक स्टेशन आहे. गाडी पुढे जाते, स्टेशन मागे राहतं.

शाळेच्या वयाच्या मुलीने "मी" म्हणून सांगितलेली आणि इतकी घरोघरी पोचलेली मराठी कादंबरी कोणती? हा प्रश्न मी एका शिबिरात कार्यकर्त्यांना विचारला. कुणालाच चटकन नाव सांगता आलं नाही. बायांनी लिहिलं नाही असं नव्हे. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास'मध्ये शिकलेल्या, अविवाहित मुलींच्या मनातली इच्छा मालतीबाई बेडेकरांनी मांडली, तर त्यासाठी त्यांना 'विभावरी शिरूरकर' या टोपणनावाचा आडोसा घ्यावा लागला. तरी गहजब झालाच. पुढे बेबीताई कांबळे, शांताबाई कांबळे, ऊर्मिला पवार यांनी आत्मकथनांतून स्वतःचं आयुष्य उघड मांडलं. 'आयदान'मध्ये ऊर्मिलाताई आपल्या प्रेमाबद्दल आणि संसाराबद्दल न लाजता लिहितात. दलित बायांनी हे धाडस केलं. पण नववीतल्या मुलीच्या हातात यातलं काय पडतं? तिच्या हातात पाठ्यपुस्तक पडतं, आणि चोरून पाहिलेला मोबाइल.

कुणी म्हणेल, आमच्याकडे मुली उसाच्या फडावर जातात, बालविवाह होतात, आणि तुम्ही कादंबऱ्यांचं काय घेऊन बसलात? मला वाटतं, प्रश्न एकच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. परभणी जिल्ह्यात हे प्रमाण निम्म्याच्या जवळ होतं. आपला हिंगोली जिल्हा १ मे १९९९ पर्यंत त्याच परभणीचा भाग होता. गरिबी, हुंडा, स्थलांतर ही कारणं आपण अहवालात लिहितो. पण आईबापांजवळ बसलं की ते आणखी एक कारण सांगतात. "पोरगी वयात आली, उद्या काही करून बसली तर?" म्हणजे तिने प्रेम केलं तर, आणि तेही परजातीत केलं तर. लग्न घाईने उरकलं जातं ते या भीतीपोटी.

एका मुलीच्या दप्तरात चिठ्ठी सापडली. मुलीचं नाव-गाव सांगत नाही. चिठ्ठी मुलाने लिहिलेली होती. मुलाला दोन थपडा बसल्या आणि तो दुसऱ्या दिवशी वर्गात हजर. मुलीची शाळा सुटली, महिन्याभरात पाहुणे येऊन गेले. चिठ्ठीला तिने काय उत्तर दिलं असतं, हे तिला कुणीही विचारलं नाही. कदाचित ती नाहीच म्हणाली असती!

मुकुंदला मिळाला तो अवधी. प्रेमात पडायचा, चुकायचा, रडायचा आणि त्यातून स्वतःला ओळखायचा अवधी. आमच्या मुलींच्या वाट्याला प्रेम आणि लग्न यांच्यामध्ये मोकळी जागाच येत नाही. आईबाप प्रेमाच्या भीतीने लग्न लावतात, आणि ज्या घरात प्रेमाचा शब्दही काढता येत नाही तिथली मुलगी लग्न करायला म्हणून पळून जाते. मग २०१२ च्या पोक्सो कायद्याखाली मुलावर गुन्हा दाखल होतो. अठराच्या आतल्या मुलीची संमती कायदा धरत नाही. मुलगा कोठडीत, मुलगी बालगृहात. लहान मुलींना संरक्षण हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण पोलीस ठाण्यात पोचण्याआधी त्या दोघांशी एक तरी मोठं माणूस बोललं होतं का?

आणि मैत्रिणींनो, आपण तरी बोललो का? किशोरींच्या शिबिरात आपण पाळी शिकवतो, हिमोग्लोबिन तपासतो, लोहाच्या गोळ्या वाटतो, १०९८ हा नंबर पाठ करून घेतो. हे सगळं गरजेचं आहे. पण "तुला कुणी आवडतं का?" हा प्रश्न आपल्या एकाही फॉर्मवर नसतो. मी समाजकार्याची पदवी घेतली, मुलाखत कशी घ्यावी ते शिकले, तरी तो प्रश्न विचारायला मला इतकी वर्षं लागली. गावात बदनामी होईल, आया मुलींना पाठवणार नाहीत, या भीतीने मीही गप्प बसले. आईबापांची भीती आणि माझी भीती यांत फरक तो किती?

त्या संध्याकाळी हसणं थांबल्यावर मी मुलींना म्हटलं, तुम्हीच लिहा शिरोडकरचं पुढचं. तीन दिवसांनी वह्या आल्या. एकीने तिला नर्स केलं. एकीने लिहिलं, तिला मुकुंद आवडत होता, पण त्याच्याहून गणित जास्त आवडत होतं. एकीने एकच ओळ लिहिली होती, "तिला कुणी विचारलं नाही, म्हणून तिने सांगितलं नाही."

तेव्हा प्रत्येक गटाने निदान एक पुस्तक मुलींसोबत मोठ्याने वाचावं. वाचून झाल्यावर भाषण करू नये, प्रश्न विचारावा. आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसून ऐकावं.