बाईंच्या डोळ्यातलं फूल

मुलांनो, गेल्या आठवड्यात चौथीतल्या एका मुलाने भर वर्गात विचारलं, "बाई, तुमच्या डोळ्यात तो पांढरा ठिपका कसला हो?" सगळा वर्ग टकामका बघायला लागला. मग सांगून टाकलं. आता तुम्हालाही सांगते. फजिती माझीच आहे, पण असू दे.

मी डी.एड.ला होते. जाड भिंगांच्या चष्म्याला कंटाळून कॉन्टॅक्ट लेन्स घेतल्या. झोपताना काढायच्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण मावसबहिणीच्या लग्नाला रात्रीच्या एसटीने निघाले आणि हात धुवायला पाणी कुठलं, म्हणून तशीच झोपले. लग्नघरी दुसरी रात्रही तशीच गेली. तिसऱ्या दिवशी उजवा डोळा लालबुंद! पाणी थांबेना, उजेड सोसेना. मावशी म्हणाली, "डोळे आलेत, दुसरं काय!" तिने कपाटातली कुणाची तरी उरलेली थेंबांची बाटली दिली आणि मी शहाणीने ते थेंब घातले. त्यात स्टेरॉइड होतं, हे नंतर कळलं. अशा औषधाने लाली कमी दिसते आणि आत जंतूंचं मात्र फावतं.

दोन दिवसांनी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी डोळ्यात पिवळा रंग सोडून निळा दिवा धरला. जिथे जखम होती तिथे हिरवागार ठिपका चमकला म्हणे. मला कसला दिसतोय!

आता हे झालं कसं? बुबुळावर काचेसारखा एक पडदा असतो. पुस्तकात त्याला पारपटल म्हणतात. जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यातून आरपार दिसायला हवं, म्हणून त्यात रक्तवाहिन्याच नाहीत. मग प्राणवायू कुठून मिळणार? तर थेट हवेतून, अश्रूंत विरघळून! झोपेत पापणी मिटली की हा पुरवठा कमी होतो. त्यावर लेन्सही असली, म्हणजे एका गोधडीवर दुसरी गोधडी. पडदा गुदमरून दुबळा होतो, लेन्सखालचे अश्रू वाहते राहत नाहीत आणि लेन्सला चिकटलेल्या जंतूंना बारीकशी चीरही पुरते. स्यूडोमोनस नावाचे जीवाणू तर दोन-तीन दिवसांत पडदा विरघळवून टाकू शकतात.

अमेरिकेत १९८१ साली काही मऊ लेन्स सलग ३० दिवस डोळ्यात ठेवायला परवानगी मिळाली होती. पुढे १९८९ साली तिथे अभ्यास झाला. लेन्स रोज काढणाऱ्या दर १०,००० जणांत वर्षाला सुमारे ४ जणांना अशी जखम झाली होती, तर घालून झोपता येणाऱ्या लेन्स वापरणाऱ्यांत सुमारे २१ जणांना. त्याच वर्षी ती मुदत ७ दिवसांवर आणली गेली. नंतर जास्त प्राणवायू आत सोडणाऱ्या सिलिकॉनच्या लेन्स निघाल्या. पण घालून झोपलं तर जंतूंचा धोका त्यांनाही आहेच. आणि हो, लेन्स नळाच्या पाण्याने धुवायची नाही. त्या पाण्यात एक प्रकारचा अमिबा असू शकतो. तो एकदा पडद्यात शिरला की महिनोन्‌महिने छळतो.

मला पहिले दोन दिवस दर तासाला थेंब घालावे लागले, रात्रीसुद्धा. आई गजर लावून उठायची. एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं. जखम भरली, पण वण राहिला. आपल्याकडे त्याला डोळ्यात फूल पडलं म्हणतात. नाव केवढं गोड! पण त्या डोळ्याने दिव्याभोवती अजूनही धुकं दिसतं.

लेन्स घालणाऱ्याचा डोळा लाल झाला, दुखला किंवा अंधुक दिसू लागलं, तर लेन्स लगेच काढायची, परत घालायची नाही आणि त्याच दिवशी डोळ्यांचे डॉक्टर गाठायचे. लेन्स फेकूही नका. डबीसकट सोबत न्या. जंतू कोणते, ते तिच्यावरूनही तपासता येतं.

हे ऐकून त्या मुलाने पुन्हा हात वर केला. "बाई, माझी ताई दुपारी लेन्स घालूनच झोपते. उठवू?"

म्हटलं, "उठव. रागावली तर माझं नाव सांग."