पोटातला पोटभाडेकरू



पोटात आग पडली की आपल्या घरात पहिला दोष तिखटाला, दुसरा चहाला आणि तिसरा काळजीला दिला जातो. मग कोपऱ्यावरच्या दुकानातून पित्ताची गोळी येते. दोन दिवस बरे वाटते, पुन्हा तेच. डॉक्टर मंडळीही पूर्वी असेच मानीत. जठरातील आम्लात जंतू जगूच शकत नाही, असा त्यांचा ठाम समज होता.

हा समज ऑस्ट्रेलियातील पर्थ शहरात मोडला. तेथील रॉबिन वॉरन यांना रुग्णांच्या जठराच्या तुकड्यांत वाकडे जंतू दिसत. बॅरी मार्शल या तरुण डॉक्टरांच्या साथीने १९८२ साली ते प्रयोगशाळेत वाढवता आले. तरी कोणी विश्वास ठेवीना. तेव्हा १९८४ साली मार्शल यांनी जंतूंचे पाणी स्वतःच पिऊन टाकले. थोड्याच दिवसांत उलट्या सुरू झाल्या आणि दुर्बिणीने पाहिले तर जठराला सूज! या जंतूचे नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. पोटातील बरेचसे व्रण, म्हणजे अल्सर, त्याच्यामुळे होतात. १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला कर्करोगाच्या कारणांत धरले. २००५ साली या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता दुसरा आजार पाहू. तो आतड्यांचा. शरीराचे संरक्षक सैन्यच आपल्या आतड्यांवर उलटते आणि तिथे सूज व जखमा होतात. त्याचे दोन मुख्य प्रकार : क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस. आठवडेच्या आठवडे जुलाब, शौचातून रक्त व आव, पोटात कळा, ताप, वजन घटणे ही त्याची लक्षणे.

जठरातला जंतूच आतड्यांनाही बिघडवीत असेल, असे कोणालाही वाटेल. पण अनेक देशांतल्या पाहण्यांत उलटेच दिसले. आतड्यांच्या या रुग्णांत हा जंतू इतरांपेक्षा कमी आढळतो! असे का? हा जंतू बहुधा लहानपणीच पोटात शिरतो आणि वर्षानुवर्षे मुक्काम करतो. पोटभाडेकरू जसा मूळ मालकाला राग येऊ नये म्हणून जपून वागतो, तसा हाही शरीराच्या सैन्याला थोडे शांत ठेवतो. त्याचा आतड्यांना फायदा होत असावा, असा एक तर्क आहे. दुसराही तर्क आहे. अशा रुग्णांना वारंवार अँटिबायोटिक औषधे दिली जातात, त्यांत हा जंतू आपोआप मरत असेल. निकाल अजून लागलेला नाही.

मग हा भाडेकरू राहू द्यावा का? आमचे उत्तर स्पष्ट आहे. डॉक्टरांनी अल्सर आणि जंतू दोन्ही दाखवले, तर त्याला घालवलेच पाहिजे. साधारण चौदा दिवसांची औषधे असतात. चार दिवसांत आग थांबली म्हणून गोळ्या सोडू नका. अर्धवट मारलेला जंतू पुढे औषधाला दाद देत नाही. उलट, नुसत्या ऐकीव माहितीवर दुकानातून अँटिबायोटिक आणून खाऊही नका. अंगदुखीच्या गोळ्या रोज घेणाऱ्यांनी तेही डॉक्टरांना सांगावे. त्यांनीही अल्सर होतो.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. शौचातून रक्त पडले की आपण मूळव्याध म्हणून मोकळे होतो. आपल्या माता-भगिनी तर लाजेने वर्षभर बोलतही नाहीत. ते रक्त मूळव्याधीचे असेल, आतड्यांच्या सुजेचे असेल, कधी कर्करोगाचेही असेल. आपल्या देशात आतड्यांचा क्षय आणि क्रोन्स हे इतके सारखे दिसतात की भल्याभल्या डॉक्टरांना तपासण्या केल्याशिवाय फरक सांगता येत नाही. दोघांची औषधे मात्र अगदी वेगळी. एकाचे औषध दुसऱ्याला दिले तर जिवावर बेतू शकते. मग घरबसल्या निदान आपण कसे करणार?

म्हणून लक्षात ठेवा : जुलाब महिनाभर चालले, रक्त पडले, विनाकारण वजन उतरले, किंवा लोहाच्या गोळ्या चालू नसताना शौचास डांबरासारखे काळे झाले, तर एक खाडा पडला तरी चालेल, पण सरकारी किंवा महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयात जाऊन केसपेपर काढा. दुर्बिणीच्या तपासणीला घाबरू नका. किती दिवसांपासून त्रास आहे, रक्त किती वेळा दिसले, कोणत्या गोळ्या घेतल्या, हे घरीच कागदावर लिहून न्या. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीला सांगा, ती लिहून देईल.

आजार लपवण्यात कसली अब्रू? घरात एकमेकांना विचारा. आज रात्री जेवताना नको, पण जेवण झाल्यावर जरूर विचारा.