तंत्रज्ञानाची चरित्रे कशी वाचावीत?

मराठी वाचकाला चरित्रांची आवड जुनी आहे. पूर्वी ती संतांच्या, राजपुरुषांच्या आणि देशभक्तांच्या चरित्रांवर भागत असे. गेल्या दोन-तीन दशकांत त्या पंक्तीला संगणक-उद्योगातील माणसे येऊन बसली आहेत. स्टीव्ह जॉब्ज, बिल गेट्स, नारायण मूर्ती यांच्या जीवनकथा मराठीत येऊन तालुक्याच्या गावापर्यंत पोचल्या आणि विद्यार्थी त्या आवडीने वाचतात. ही गोष्ट स्वागतार्हच आहे. परंतु या वाचनातून हाती काय लागते, हा प्रश्न शिक्षकांनी आणि पालकांनी एकदा विचारावयास हवा.

बहुधा हाती लागते ती चमत्काराची कथा. अर्धवट सोडलेले महाविद्यालय, मोटारीच्या गॅरेजमध्ये थाटलेला कारखाना आणि अखेरीस अब्जावधींची संपत्ती! गेट्स यांनी हार्वर्ड विद्यापीठ सोडले, हे सर्वांच्या ध्यानात राहते. वयाच्या तेराव्या वर्षी, 1968 साली, शाळेत संगणकाचे टर्मिनल त्यांना लाभले आणि पुढे कित्येक वर्षे ते आज्ञावली लिहीत बसले, हा भाग मात्र विसरला जातो. असे साधन त्या काळी जगातील फार थोड्या मुलांना मिळत होते. साधन, सराव आणि सहकारी या तीन गोष्टी वगळून केवळ धाडस शिकणारा वाचक चुकीचा धडा शिकतो, असेच म्हणावे लागेल.

नकारातून उभे राहिलेले यंत्र

या दृष्टीने मराठी माणसांच्या कथा अधिक उपयोगी आहेत. हवामानाच्या अंदाजासाठी भारताला हवा असलेला सर्वांत समर्थ महासंगणक देण्यास ऐंशीच्या दशकात अमेरिकेने नकार दिला. त्यानंतर 1988 साली पुण्यात ‘सी-डॅक’ ही संस्था स्थापन झाली आणि अकोला जिल्ह्यात जन्मलेले डॉ. विजय भटकर तिचे प्रमुख झाले. एकच बलाढ्य प्रोसेसर मिळत नसेल तर अनेक लहान प्रोसेसर एकत्र जुंपावेत आणि मोठ्या गणिताचे तुकडे करून ते त्यांच्यात वाटून द्यावेत, हा मार्ग तेथे अवलंबिला गेला. 1991 साली ‘परम 8000’ तयार झाला. बैल एकच पण तगडा हवा, की दोन-चार जोड्या लावून नांगर ओढावा, हा प्रश्न ज्या शेतकऱ्याने सोडविला आहे, त्याला या कल्पनेचे मर्म सांगावे लागणार नाही.

त्याच संस्थेत देवनागरीचाही प्रश्न सुटला. इंग्रजी अक्षरे एकापुढे एक मांडली की काम भागते. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरे. मोहन तांबे यांनी कानपूरच्या आय.आय.टी.त सुरू केलेले काम पुढे ‘जिस्ट’ या नावाने सी-डॅकमध्ये वाढले. यंत्राने केवळ मूळ वर्ण आणि हलन्त यांची नोंद ठेवावी, जोडाक्षराचे रूप पडद्यावर आपले आपण घडवावे, ही त्यामागची युक्ती. कचेरीत बसून मराठी पत्र टंकणाऱ्या किती लिपिकांना आपल्या बोटांखाली कोणाचे श्रम आहेत हे ठाऊक असते?

सोलापूरचे अच्युत गोडबोले यांचे ‘मुसाफिर’ हे आत्मचरित्रही याच कारणासाठी वाचनीय आहे. सॉफ्टवेअर कंपन्यांत सर्वोच्च पदे भूषविलेला हा गृहस्थ शहाद्याच्या आदिवासी चळवळीतील आपले दिवसही तितक्याच आत्मीयतेने सांगतो. पुढे त्यांनी विज्ञान, अर्थशास्त्र आणि संगणक हे विषय मराठीत आणण्याचे व्रत घेतले. आपल्या भाषेत नाही म्हणून विषय कळला नाही, ही सबब त्यामुळे पुष्कळच लंगडी पडली आहे.

जिल्ह्यातील दोन पाठ

अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याने तर दोन जिवंत ग्रंथ दाराशीच ठेवले आहेत. 2020 च्या पद्मश्री यादीत याच जिल्ह्यातील पोपटराव पवार आणि राहीबाई पोपेरे ही दोन नावे होती. पर्जन्यछायेतील हिवरे बाजार सावरले, ते बंधारे, चर आणि वृक्षलागवड यांमुळे, असे सामान्यतः सांगितले जाते. ते खरेच, पण गावाचे खरे तंत्र आहे पाण्याचा ताळेबंद. पडलेला पाऊस मोजावयाचा, माणसे आणि जनावरे यांच्या पिण्याचा वाटा प्रथम बाजूस काढावयाचा आणि उरलेल्या पाण्यावर कोणती पिके घ्यावीत हे ग्रामसभेत ठरवावयाचे. शेतीसाठी कूपनलिका नाही, ऊस-केळीसारखी तहानलेली पिके नाहीत. हा हिशेब संगणक क्षणात करील. परंतु तो पाळण्याची शिस्त कोणतेही सॉफ्टवेअर देऊ शकत नाही.

अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाईंना शाळा लाभली नाही. तरीही गावरान वाणांच्या बियाण्यांची निवड, साठवण आणि पारख त्यांनी शास्त्रज्ञाच्या काटेकोरपणे केली. बियाणे घेणाऱ्याने हंगामानंतर ते वाढवून परत करावे, या रीतीने बियाण्यांची बँक चालते. माहितीचा साठा वाटल्याने वाढतो, हे तत्त्व संगणकशास्त्रातील मुक्त आज्ञावलीवाल्यांनी पुष्कळ पुस्तके लिहून सांगितले. आदिवासी पाड्यावर ते वालाच्या शेंगांतून सिद्ध झाले.

लिहावे कोणी?

‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक 1842 साली नगरमधूनच निघाले. धर्मप्रसार हा त्याचा हेतू होता, तरी सृष्टिज्ञानाच्या गोष्टी मराठीत सांगण्याचे कामही त्याने केले. ज्या नगरात हे एकोणिसाव्या शतकात घडले, तेथे आज तंत्रज्ञानावरचे वाचन केवळ परदेशी यशोगाथांवर थांबावे, हे बरे नव्हे.

उपाय खर्चाचा नाही. यशोगाथा वाचणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षकाने तीन प्रश्न विचारावेत: अडचण नेमकी कोणती होती, ती कोणत्या युक्तीने सुटली आणि बरोबर कोण होते? मग त्याच प्रश्नांची वही घेऊन त्याला हिवरे बाजारला, कोंभाळण्याला किंवा स्वतःच्या गावातील पंपदुरुस्ती करणाऱ्या कारागिराकडे धाडावे. आणलेली माहिती शाळेच्या वार्षिकांकात छापावी, तिची एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवावी. कंपनी काढणारा एखादाच निघेल. परंतु आपल्या गावचे पाणी मोजणारा, सातबाऱ्यावरील नोंद संगणकात कशी जाते हे समजून घेणारा आणि ते शेजाऱ्याला मराठीत सांगणारा नागरिक प्रत्येक वर्गातून निघू शकतो. जिल्ह्याला गरज आहे ती प्रामुख्याने अशा नागरिकांची.