चातुर्मास आणि रक्तदाबाची गोळी

दिवाळीला वहीपूजन करणारा व्यापारी वर्षभर रोजकीर्द लिहितो, खतावणी करतो आणि तेरीज जुळल्याशिवाय निश्चिंत होत नाही. परभणी, सेलू, मानवत, जिंतूर येथील कोणत्याही जुन्या पेढीवर ही शिस्त आजही आढळते. परंतु त्याच पेढीवरील साठी ओलांडलेल्या गृहस्थांना त्यांचा रक्तदाब विचारला, तर ‘थोडा असतो, गोळी चालू आहे’ एवढेच उत्तर मिळते. गोळीचे नाव ठाऊक नसते, मात्रा ठाऊक नसते आणि गेल्या महिन्यात ती किती दिवस चुकली याची नोंद कोठेही नसते. रुपया-पैशाच्या बाबतीत असा कारभार कोणतेही व्यापारी कुटुंब सहन करणार नाही.

उच्च रक्तदाबाचे वैशिष्ट्य असे की, तो बहुधा दुखत-खुपत नाही. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी मोजूनही आकडा १४०/९० किंवा त्याहून अधिक येत असेल, तर तो वाढलेला मानतात. गोळी सुरू झाल्यावर काही आठवड्यांत आकडा खाली येतो आणि येथेच घात होतो. ‘आता नॉर्मल आहे, मग गोळी कशाला?’ असे म्हणून ती बंद केली जाते. वस्तुतः आकडा खाली आहे तो गोळीमुळेच. गोदामात चोरी होत नाही म्हणून राखणदाराला काढून टाकण्यासारखाच हा निर्णय आहे. पक्षाघात, हृदयविकार आणि मूत्रपिंडाचा ऱ्हास हे त्याचे परिणाम पुढे अचानक समोर येतात.

आपल्या समाजात गोळी बंद पडण्याचा एक खास काळ आहे आणि तो म्हणजे चातुर्मास. पर्युषण असो वा दशलक्षण, घरातील ज्येष्ठ मंडळी एकाशन, उपवास, तेला, अठाई अशी तपे श्रद्धेने करतात. ‘उपवासात औषध कसे घ्यायचे?’ या संकोचाने गोळी आपोआप सुटते. घरच्यांना ते कळत नाही आणि डॉक्टरांना तर मुळीच नाही. याच्या उलट, काही जण आठ दिवस अन्न वर्ज्य करूनही सर्व गोळ्या पूर्वीप्रमाणेच घेत राहतात. या दोन्ही गोष्टी धोक्याच्या आहेत, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

गोळी एकाएकी सोडण्याचा धोका औषधागणिक निराळा असतो. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल या गटातील गोळ्या अचानक बंद केल्यास हृदयाची गती व रक्तदाब उसळू शकतो आणि हृदयविकार असलेल्यांना छातीत दुखण्याचा त्रास उद्भवू शकतो. क्लोनिडीन अचानक थांबविले तर रक्तदाब पूर्वीपेक्षाही वर जाऊ शकतो. दुसऱ्या बाजूला, लघवी वाढविणाऱ्या गोळ्या शरीरातील पाणी व क्षार बाहेर टाकतात. अन्नपाणी कमी झालेले असताना त्या तशाच चालू राहिल्या तर उठताना चक्कर येणे, तोल जाऊन पडणे, सोडियम घटून गोंधळल्यासारखे होणे असे प्रकार घडतात. टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल या गटातील गोळ्या घेणाऱ्याच्या शरीरात पाणी फार कमी झाले तर मूत्रपिंडावर ताण येतो. जोडगोळ्यांमध्ये हे घटक एकत्र असतात. गोळीच्या नावापुढे ‘एच’ हे अक्षर असेल, तर तीत बहुधा लघवी वाढविणारा घटक असतो. परभणीच्या उन्हाळ्यात दुकानात दिवसभर घाम गाळणाऱ्यांनी आणि जुलाब-उलट्यांनी आजारी पडलेल्यांनीही हीच सावधगिरी बाळगावी.

म्हणून निर्णय आधी व्हावा, तपाच्या सकाळी नव्हे. चातुर्मासाच्या आरंभी डॉक्टरांची भेट घेऊन स्पष्ट सांगावे : कोणते तप करण्याचा मानस आहे, किती दिवसांचे आहे, पाणी घेणार की नाही, घेतले तर दिवसातून किती वेळा आणि सूर्यास्तानंतर काय वर्ज्य आहे. चौविहार, तिविहार हे शब्द प्रत्येक डॉक्टरांना परिचित असतीलच असे नाही, म्हणून त्यांचा अर्थ समजावून द्यावा. कोणती गोळी चालू ठेवायची, कोणत्या गोळीची मात्रा कमी करायची, कोणती थांबवायची आणि पारण्यानंतर काय करायचे, हे त्यांच्याकडून लिहून घ्यावे. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर अशा सल्ल्याविना एकही उपवास करू नये. कारण साखर एकदम खाली जाण्याची भीती असते.

रात्रीच्या गोळीचा प्रश्न मात्र सोपा आहे. ब्रिटनमध्ये २१,१०४ रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रक्तदाबाची गोळी सकाळी घेतली काय किंवा संध्याकाळी घेतली काय, हृदयविकार व पक्षाघात टळण्याच्या दृष्टीने फरक आढळला नाही. म्हणून चौविहार पाळणाऱ्यांनी रात्रीची गोळी टाळत राहण्यापेक्षा ती नवकारसीनंतर किंवा सूर्यास्तापूर्वी घेता येईल का, असे डॉक्टरांना विचारावे. पुष्कळदा होकार मिळतो. पच्चक्खाणाच्या परंपरेतही आगारांची, म्हणजे अपवादांची, तरतूद आहे. आपल्या प्रकृतीची खरी स्थिती साधू-साध्वींना निवेदन करूनच पच्चक्खाण घ्यावे. आजार लपवून घेतलेल्या तपाची अपेक्षा कोणी करीत नाही.

आणखी एक संकोच जिलेटिनच्या कॅप्सूलचा आहे. ती प्राणिजन्य असते म्हणून काही श्रावक-श्राविका औषधच सोडतात. हे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. अम्लोडिपिन, टेल्मिसार्टन यांसारखी नेहमीची औषधे गोळीच्या स्वरूपातच येतात आणि रामिप्रिलसारखे औषध कॅप्सूलप्रमाणे गोळीतही मिळते.

‘झाडपाल्याचे औषध निर्धोक’ हा समजही तपासून पाहावा. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या वनस्पतीचा रक्तदाबावरील परिणाम अभ्यासून १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष या भारतीय मुळीकडे वळले. पुढे १९५२ मध्ये तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. औषध गुणकारी होते, पण काही रुग्णांना त्यामुळे तीव्र औदासीन्य येते असेही दिसून आले. ज्या मुळीत रक्तदाब उतरविण्याचे बळ आहे, तिच्यात अपाय करण्याचेही बळ असते. म्हणून काढा, चूर्ण जे काही चालू असेल ते डॉक्टरांना सांगावे. खोकल्यासाठी रोज चघळले जाणारे ज्येष्ठमधसुद्धा रक्तदाब वाढवू शकते.

गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेल्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या रक्तदाब वाढवितात आणि मूत्रपिंडाला त्रास देतात. सर्दीच्या काही गोळ्यांचेही तसेच आहे. ‘कमी सोडियमचे मीठ’ म्हणून मिळणाऱ्या मिठात पोटॅशियम असते. टेल्मिसार्टन गटातील गोळी घेणाऱ्यांनी व मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी ते विचारल्याशिवाय वापरू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाचे मीठ ५ ग्रॅमपेक्षा कमी असावे. पापड, लोणचे आणि पारण्यानंतरचे फरसाण यांचा हिशेब त्यातच धरावा लागतो.

आता नोंदीविषयी. एक लहान वही करावी. पहिल्या पानावर प्रत्येक गोळीचे मूळ नाव, मात्रा व वेळ लिहावी. पुढे तारीख, रक्तदाब आणि गोळी घेतल्याची खूण असावी. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा-तंबाखू टाळावी. पाच मिनिटे पाठ टेकून, पावले जमिनीवर ठेवून शांत बसावे आणि हात हृदयाच्या पातळीवर ठेवावा. गोळी चुकल्यास त्याच दिवशी आठवताच घ्यावी. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यावी, दुप्पट कधीही घेऊ नये. पायांवर सूज, कोरडा खोकला असा त्रास झाला तर गोळी स्वतः न थांबविता डॉक्टरांकडे जावे. त्यावर दुसरे औषध मिळते. यात्रेला निघताना जादा आठवड्याच्या गोळ्या आणि चिठ्ठी सोबत असावी.

तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बोबडे बोलणे किंवा छातीत दडपण येणे, यांपैकी काहीही दिसले तर तप चालू असो वा नसो, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका तत्काळ बोलवावी.

तपस्वी ज्येष्ठांची सेवा करण्याची आपल्या घरांत रीत आहे. सुनांनी आणि मुलांनी सुखसाता विचारताना त्यांच्या शेजारी बसून ती वहीसुद्धा एकदा उघडून पाहावी.