चमचा उभा राहील असं वरण

मंडळी, आधी एक कबुलीजबाब देऊन टाकतो. मी तूर पिकवणाऱ्या घरातला मुलगा आहे. आमचं गाव अकोला आणि अमरावतीच्या मधोमध, मूर्तिजापूरजवळ. कपाशीच्या ओळींत तुरीचं तास, जानेवारीत अंगणात तुरीचा ढीग, स्वयंपाकघरात वर्षभर तुरीचं वरण. अशा घरातला मी, वाकडच्या एका मेसमध्ये दोन वर्षं वाटाण्याची डाळ तुरीची समजून खात होतो. नुसती खात नव्हतो, बाबांना फोनवर तिचं कौतुकही करत होतो. "बाबा, पुण्यात असं घट्ट वरण पहिल्यांदाच भेटलं!"

पितळ उघडं पडलं एका रविवारी. जग रिकामा होता म्हणून पाणी घ्यायला आत गेलो, तर कोपऱ्यात पोतं. वर ठळक अक्षरात 'मटर दाल'. मेसवाल्या काकांना विचारलं. ते अजिबात गडबडले नाहीत. म्हणाले, "मिक्स असते साहेब, अर्धी अर्धी. नुसत्या तुरीत या भावात ताट नाही परवडत. तुम्ही तरी कधी नाव ठेवलं का?"

नव्हतं ठेवलं. हातावर तुरी देऊन पळतात म्हणे, मला तर दोन वर्षं हातावर वाटाणे दिले आणि मी बोटं चाटत बसलो.

आता राग कशाचा यायला हवा? डाळ खराब नव्हती. पोट कधी बिघडलं नाही. प्रथिनं म्हणाल तर तूर आणि वाटाणा दोन्ही वाळल्यावर शेकडा वीसच्या वर, त्यात फारसं डावंउजवं नाही. काकांनी विचारल्यावर खरंही सांगितलं. फक्त विचारेपर्यंत सांगितलं नाही, एवढंच. पण ते 'एवढंच' दोन दिवस डोक्यात राहिलं. आणि तिसरा विचार असा आला, की जी डाळ मी नकळत दोन वर्षं खाल्ली, ती एकदा कळून सवरून, तिच्या स्वतःच्या नावाने खाऊन तर बघू.

म्हणून पुढच्या शनिवारी वाण्याकडून अर्धा किलो वाटाण्याची डाळ आणली. (पांढरा वाटाणा म्हणजे रगड्याचा. तोच साल काढून दुभंगला की ही पिवळी डाळ.) तुरीच्या डाळीशेजारी ताटलीत ठेवली की फरक आंधळ्यालाही कळेल: वाटाण्याची मोठी, गोलसर, अर्ध्या मण्यासारखी, रंग फिका. तुरीची बारकी, चपटी, जरा गडद. हे मला दोन वर्षं का कळलं नाही? कारण शिजलेल्या डाळीत कोण बघतो. मेंडेलबाबांनी ज्या पिवळ्या-हिरव्या वाटाण्यांवर प्रयोग करून 1866 साली निबंध छापला, ते हेच खानदान. बारावीला त्यांच्यावरचा प्रश्न पाठ करून मार्क घेतले होते, तेव्हा वाटलं नव्हतं की पुढे हा माणूस माझ्या कुकरमध्ये भेटेल.

थंड देशांत या डाळीचं सूप म्हणजे गरिबाचं, सैनिकाचं, कष्टकऱ्याचं पोटभरीचं जेवण. हॉलंडमध्ये त्याला 'स्नर्ट' म्हणतात. ते हिरव्या वाटाण्याचं असतं, आणि त्याची परीक्षा अशी की त्यात चमचा उभा राहिला पाहिजे. स्वीडनमध्ये पिवळ्या वाटाण्याचं सूप गुरुवारी करायची जुनी रीत आहे, वर गोड पॅनकेक. कॅनडात क्युबेकच्या लोकांचंही ते घरचं जेवण. सगळीकडे त्यात डुकराचं मांस घालतात, धुराचा वास यावा म्हणून. आमच्या घरी ते चालत नाही, त्यामुळे त्याची सोय वेगळी करावी लागली, ती पुढे सांगतो.

पहिला प्रयत्न साफ फसला. एक वाटी डाळ, चार वाट्या पाणी, उघड्या पातेल्यात मंद आचेवर. तास झाला, दीड तास झाला, डाळ दाताखाली टकटक. मला वाटलं डाळच जुनी. आईला फोन लावला. तिने एकच प्रश्न विचारला, "पानी कोनतं घेतलं?"

टँकरचं. म्हणजे कुठल्या तरी बोअरचं.

"मंग कशी शिजन? पेयाचं पानी घे."

पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात सोयरीक असलेल्या कुठल्याही घरात हे ज्ञान बाळगुटीबरोबर मिळतं. तिकडे विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही म्हणून वरणापुरतं गोडं पाणी लांबून आणायच्या गोष्टी मी आजीकडून ऐकल्या होत्या. शास्त्र नंतर वाचलं: जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीतल्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतं, मग दाणा मऊ पडत नाही. चार वर्षांच्या इंजिनिअरिंगनंतरही मी दीड तास गॅस जाळला आणि दहावी शिकलेल्या आईने फोनवर चार शब्दांत डीबग केलं. असो.

दुसऱ्या वेळी फिल्टरचं पाणी घेतलं. डाळ तीन-चार पाण्यांनी धुतली, भिजवायची गरज नाही. यावेळी कुकर. दोन सूचना मात्र ऐका. कुकर अर्ध्याच्या वर भरू नका आणि चमचाभर तेल घाला, कारण ही डाळ फेस फार काढते आणि तो फेस शिट्टीच्या भोकात जाऊन बसतो. माझ्या रूममेटने एकदा छत पिवळं केलेलं आहे. पाच शिट्ट्या, मग बारीक आचेवर दहा मिनिटं, मग कुकर आपोआप उतरू द्यायचा.

तोवर दुसऱ्या गॅसवर कढईत दोन चमचे तेल, तेजपान, सात-आठ मिरे ठेचून, एक मोठा कांदा बारीक चिरून. कांदा गुलाबी नाही, चांगला बदामी होऊ द्या. मग एक गाजर, बारीक तुकडे. शिजलेली डाळ यात ओतायची, मीठ घालायचं, आणि वीस मिनिटं मंद आचेवर खदखदू द्यायची. मधून मधून उलथणं खालपर्यंत फिरवायचं, बुडाला लागते. टोमॅटो किंवा लिंबू घालायचं असेल तर डाळ पूर्ण शिजल्यावरच. आंबट आधी पडलं की दाणा आडून बसतो. क्रम चुकला की बिल्ड फेल.

धुराची सोय अशी: छोट्या कढईत तेल कडक तापवून जिरं, ठेचलेला लसूण, हिंग, आणि दोन सुक्या लाल मिरच्या जवळजवळ काळ्या पडेपर्यंत. ती फोडणी वरून. ठसका लागतो, शेजारचे खिडकी लावून घेतात, पण धुरकट वास असा उतरतो की मांसाची आठवण येत नाही (मला येण्याचा प्रश्नच नाही, पण रूममेट गोव्याचा आहे, त्याने प्रमाणपत्र दिलं).

चव? खरं सांगतो, उत्तम. वाटाण्याला अंगचा गोडवा आहे. पुण्यात वरणात गूळ घालतात, त्यावर मी काही बोलणार नाही, मला इथेच राहायचंय. पण या डाळीला गुळाची गरज नाही आणि वऱ्हाडी जिभेला तिखट फोडणीने तो गोडवा बरोबर तोलला जातो. ज्वारीची भाकर कुस्करून खाल्ली. पण हे तुरीचं वरण नव्हे. तुरीच्या डाळीला एक वेगळा, मातकट खमंग वास असतो, तो यात औषधालाही नाही. आईची पालक घातलेली डाळभाजी या डाळीची करून बघितली, जमली नाही. पालकाबरोबर तूरच पाहिजे. दोन्ही आपापल्या जागी चांगल्या, एकीला दुसरीचे कपडे घातले की दोघीही वाईट दिसतात.

जेवता जेवता बाबांचा फोन आला.

"काय करून रायला बे?"

"वरण खाऊन रायलो. वाटाण्याच्या डाळीचं."

पलीकडे दोन सेकंद काहीच नाही. मग, "काहून? घरची तूर संपली काय?"

"संपली नाही. करून पायलं."

"मंग? कशी लागली?"

"चांगली लागली बाबा."

"लागनच ना. समुद्र पार करून आली ते."

मी हसलो, ते हसले नाहीत. त्यांना कारण आहे. पिवळ्या वाटाण्यावर नोव्हेंबर 2017 पासून 50 टक्के आयात शुल्क होतं, पुढे आणखी बंधनं आली. डिसेंबर 2023 मध्ये केंद्राने हे सगळं उघडून आयात करमुक्त केली. आधी मार्च 2024 पर्यंत म्हणाले, मग मुदत वाढत वाढत गेली. कॅनडा आणि रशियातून जहाजं लागली. 2024 या एका वर्षात तीस लाख टनांच्या आसपास पिवळा वाटाणा देशात आला. तुरीच्या निम्म्याहून कमी भावात. 2025 च्या हंगामात तुरीचा हमीभाव 7550 रुपये क्विंटल होता आणि बाबांनी अकोल्याच्या बाजारात तूर त्याच्या खाली विकली. वाटाण्याच्या अक्षता लावणे हा वाक्प्रचार शाळेत शिकलो होतो, त्याचा इतका शब्दशः अर्थ निघेल असं वाटलं नव्हतं.

दुसरी बाजू मला कळत नाही असं नाही. 2023 मध्ये तूर कमी पिकली होती, डाळ महाग होती. 2015 साली तुरीची डाळ 200 रुपये किलोपर्यंत गेली तेव्हा मी अमरावतीला शिकायला होतो आणि होस्टेलच्या वरणात आपला चेहरा दिसायचा. तो भाव बघून 2016 ला सगळ्यांनी तूर पेरली, आमच्याही बाबांनी, आणि 2017 ला इतकी पिकली की 5050 च्या सरकारी भावासाठी खरेदी केंद्रावर ते ट्रॅक्टर घेऊन चार दिवस रांगेत होते, कारण काय तर बारदाना नाही. शहरातल्या माणसाला स्वस्त डाळ मिळायला हवी, यात वाद नाही. वाटाण्यासारखी स्वस्त, पौष्टिक डाळ गरिबाच्या ताटात आली तर बिघडलं कुठे?

बिघडतं ते दोन ठिकाणी. एक म्हणजे ती वाटाणा म्हणून येत नाही. ती मेसमध्ये वरण म्हणून येते, भज्यांत बेसन म्हणून येते. पाकिटावर, पाटीवर 'वाटाण्याची डाळ' असं लिहायला कुणाचं काय जातं? मेसच्या फळ्यावर 'आज: वाटाण्याचं घट्ट वरण' लिहिलं असतं तर मी शप्पथ सांगतो, तेवढ्याच पैशात तेवढ्याच आवडीने खाल्लं असतं.

आणि दुसरं बाबा बोलले, फोन ठेवता ठेवता: "डाळीचा काय दोष हाय? आमाले पेरायच्या आंदी सांगत जा म्हना त्याईले."

हे वाक्य कृषी भवनात फ्रेम करून लावावं. तूर पेरतात जून-जुलैमध्ये, हाती येते डिसेंबर-जानेवारीपासून पुढे. सहा-सात महिन्यांचं पीक आहे, एकदा पेरलं की मधे बदलता येत नाही. आयात खुली झाली डिसेंबरात, म्हणजे पीक उभं असताना. मे 2025 च्या अखेरीला सांगितलं की करमुक्त आयात 31 मार्च 2026 पर्यंत चालेल. ते ऐकून ज्याने तूर कमी करून सोयाबीन वाढवलं, त्याला ऑक्टोबरच्या शेवटी कळलं की 1 नोव्हेंबर 2025 पासून 30 टक्के शुल्क लागणार. आमच्या धंद्यात रिलीजच्या आदल्या दिवशी क्लायंटने रिक्वायरमेंट बदलली तर निदान वाढीव बिल तरी लावता येतं. शुल्क शून्य ठेवा की पन्नास, तो वाद अर्थतज्ज्ञांनी घालावा. पण जे काय ठरवायचं ते मे महिन्यात ठरवा आणि पुढच्या मे महिन्यापर्यंत त्याला हात लावू नका. यात सरकारचा एक पैसा खर्च होत नाही.

बाबांनी दुसऱ्याच आठवड्यात येणाऱ्याबरोबर दहा किलो तूरडाळ पाठवली. गावात एका बचत गटाकडे अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने तयार केलेली 'पीकेव्ही मिनी दाल मिल' आहे, तिथून भरडून आणलेली. क्विंटलभर तुरीची सत्तर-पंचाहत्तर किलो डाळ निघते, चुरी ढोरांना जाते. पिशवीत चिठ्ठी नव्हती, पण निरोप कळला. मेसही मी सोडलेली नाही. काकांना फळ्याचं सुचवलं, ते म्हणाले बघू.

राहिलेल्या सूपचं सांगायचं राहिलं. फ्रिजमध्ये ठेवलं की सकाळी ते दगडासारखं घट्ट होतं. रविवारी मी डबा उघडला आणि चमचा रोवून बघितला. उभा राहिला! गरम करायच्या भानगडीत पडलो नाही. तसंच कणकेत मळलं, ओवा, तिखट, कोथिंबीर घातली आणि पराठे लाटले. पाणी अजिबात लागलं नाही.