पाणी किती आणि पाणी कसे?

भंडारा जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. जुन्या काळी कोहळी समाजाच्या कष्टाळू लोकांनी येथे अनेक तलाव बांधले. ते मालगुजारी तलाव म्हणून ओळखले जातात. या तलावांवर धान पिकते. ढिवर समाजाच्या अनेक कुटुंबांचे पोट येथल्या मासेमारीवर चालते. पावसाळ्यात तलाव काठोकाठ भरला, की लोक म्हणतात, "यंदा मासे भरपूर मिळणार!" पण पाणी किती आहे, एवढेच पाहून भागत नाही. पाणी कसे आहे, हेही पाहिले पाहिजे.

असे का? मासाही आपल्यासारखाच श्वास घेतो. पाण्यात विरघळलेला प्राणवायू तो कल्ल्यांनी घेतो. रोहू, कटला, मृगळ हे मासे चांगले वाढायला हवे असतील, तर एक लिटर पाण्यात साधारणपणे ५ मिलिग्रॅम प्राणवायू असावा लागतो. तो कमी झाला, की मासा खाणे कमी करतो आणि त्याची वाढ खुंटते. फारच कमी झाला, तर मासा मरतो.

पाणी तापले, की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात तो सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, तर ३० अंशांच्या पाण्यात सुमारे साडेसात मिलिग्रॅम. आपल्याकडचा उन्हाळा तुम्हांला ठाऊकच आहे. तलाव आटतो, पाणी तापते आणि थोड्या पाण्यात माशांची दाटी होते. त्यात गटाराची घाण मिसळली, तर ती कुजताना उरलेला प्राणवायूही संपतो. पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून हवा गिळताना दिसले, तर ते खेळत आहेत असे समजू नका. त्यांचा जीव गुदमरत असतो.

काही जण म्हणतात, "मासे कमी झाले, तर जास्त मत्स्यबीज सोडा." हे मला पटत नाही. रोहू, कटला हे मासे तलावाच्या स्थिर पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हीरालाल चौधरी यांनी इंजेक्शन देऊन अशा माशांचे प्रजनन घडवून आणले. म्हणून आज तलावांसाठी बीज मिळते. पण शास्त्रज्ञांनी बीज दिले, तरी चांगले पाणी आपणच राखायचे असते. खराब पाण्यात जास्त बीज सोडले, तर प्राणवायूची टंचाई आणखी वाढते.

नदीचेही तसेच आहे. पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसेखुर्द धरण आहे. त्याची पायाभरणी १९८८ साली झाली. नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हान नदीत आणि तेथून वैनगंगेत येते. अशा पाण्यावर जलपर्णी माजते. ती पाणी झाकून टाकते आणि कुजली, की प्राणवायू खाते. घाण शहराची आणि रिकामे जाळे ढिवराचे, हा न्याय नव्हे. सांडपाणी शुद्ध करूनच नदीत सोडले पाहिजे. गावाचे गटारही तलावात सोडता कामा नये.

उर्दूत तुम्ही नदीला दर्या म्हणता. मराठीत दर्या म्हणजे समुद्र. वैनगंगेचे पाणी पुढे प्राणहिता आणि गोदावरीतून समुद्रालाच मिळते. म्हणजे आपण टाकलेली घाण आपल्याच गावात राहत नाही. ती खालच्या गावांपर्यंत पोहोचते.

मित्रांनो, एखाद्या सकाळी आपल्या गावच्या तलावावर जा. पाण्याचा रंग पाहा, वास घ्या. कोणते गटार त्यात येते, ते शोधा. मासेमारी करणाऱ्या एखाद्या काकांना विचारा, पूर्वी येथे कोणते मासे मिळत होते? मग ही माहिती आपल्या शिक्षकांना आणि ग्रामपंचायतीला सांगा. तलाव सर्वांचा आहे. त्याची काळजीही सर्वांनीच घ्यायला हवी.