नाटकाची घंटा आणि सभेची हाक

आम्ही राहतो ते करंजाडे. येथे काही घरे लालबाग-परळच्या चाळींतून आलेली आहेत. गेल्या रविवारी विहारातून परतताना आमच्या इमारतीतील एका आजोबांना आम्ही सहज विचारले, "आजोबा, नाटक कुठे पाहायचात?" गिरणीत आयुष्य घालविलेले आजोबा चटकन म्हणाले, "दामोदर हॉल! दुसरीकडे कुठे जाणार आम्ही?"

वाचकहो, परळचे दामोदर नाट्यगृह १९२२ साली उभे राहिले. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगची ही वास्तू. दिवसभर मागावर राबणाऱ्या कामगाराला रात्री दोन घटका करमणूक मिळावी, म्हणून येथे पडदा वर जात असे. कोकणातून आलेल्या चाकरमान्यांचे नमन-खेळे, शक्ती-तुरे येथे रंगले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या थंडावल्या, तरी तिसरी घंटा वाजतच राहिली.

पण आपल्यासाठी ही केवळ नाटकाची जागा नव्हे. परळच्याच चाळीत राहणाऱ्या बाबासाहेबांनी ९ मार्च १९२४ रोजी याच दामोदर हॉलमध्ये सभा बोलावली. अस्पृश्यांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणारी संस्था हवी, असा विचार तेथे झाला आणि २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिचे कार्यालयही येथेच होते. वसतिगृहे, वाचनालये काढून शिक्षणाचा प्रसार करणे हे तिचे ध्येय. पुढच्याच वर्षी सोलापुरात वसतिगृह सुरू झाले. ज्यांना गावच्या पाणवठ्यावर उभे राहू देत नव्हते, त्यांना या सभागृहात बसायला खुर्ची मिळाली!

२०२३ च्या अखेरीस हे नाट्यगृह पुनर्विकासासाठी बंद झाले. २०२४ मध्ये कलावंतांनी त्यासाठी आवाज उठविला. ते योग्यच होते. मात्र सभेच्या शताब्दीच्या त्या वर्षी आपल्यापैकी किती जणांना या वास्तूची आठवण झाली? आमच्या घरातील कॉलेजात जाणाऱ्या मुलीला दामोदर हॉल ठाऊक नव्हता. दोष तिचा नाही, आम्ही सांगितलेच नाही.

तेथे नाट्यगृह पुन्हा व्हावे आणि त्याच्या दारात ९ मार्च १९२४ ही तारीख कोरलेली असावी, असे आम्हांस वाटते. तोवर एक काम आपल्या हाती आहे. पनवेलहून हार्बरने कुर्ला, तेथे गाडी बदलून परळ. एखाद्या रविवारी मुलांना घेऊन जा. सोबत एखादे आजोबा असले, तर फारच उत्तम.